सातशे चौदा ओळी

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे पंचावन्न, रक्तपेढीच्या मुख्य कचेरीतील प्रशासन व दळणवळण विभागाचा प्रमुख आणि नात्याने तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, हे पत्र केवळ कामाच्या निमित्ताने लिहीत आहे. आमचे क्षेमकुशल तुझी ताई तुला दर दोन दिवसांनी फोनवर सांगते आणि त्यात माझ्याविषयीच्या तक्रारींचा वाटा मोठा असतो, हे मी जाणून आहे. म्हणून तो भाग वगळतो. फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण असे की, फोनवर तू मला एकही वाक्य पूर्ण करू देत नाहीस.

विषय असा. आमच्या पेढीची नऊ केंद्रे होती. या महिन्याच्या एक तारखेपासून दुसऱ्या एका संस्थेची सहा केंद्रे आमच्यात विलीन झाली. म्हणजे एकूण पंधरा. कोणत्या केंद्राच्या शीतकपाटात कोणत्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, हे पंधराही ठिकाणी एकाच वेळी दिसले पाहिजे. त्यासाठी पंधराही केंद्रांचे संगणक एका जाळ्यात हवेत.

सध्या नऊ केंद्रांचे जाळे कसेबसे चालते. प्रत्येक संगणकाला, तपासणी यंत्राला आणि शीतकपाटाच्या तापमापकाला एक आयपी पत्ता आहे. हे पत्ते तत्कालीन कर्मचाऱ्याने यंत्रे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने दिले : पहिला मुख्य कचेरीला, दुसरा एका केंद्राला, तिसरा पुन्हा मुख्य कचेरीला, चौथा भलतीकडेच. असे सातशे चौदापर्यंत. मध्ये एकही क्रमांक गाळलेला नाही आणि नोंदवही निर्दोष आहे. अडचण एवढीच की, पत्ता पाहून यंत्र कोणत्या गावी आहे ते कळत नाही. त्यामुळे प्रत्येक केंद्राच्या राउटरला सातशे चौदा यंत्रांचा रस्ता एकेका ओळीने, हाताने सांगून ठेवावा लागतो. एक यंत्र वाढले की नऊ ठिकाणी नऊ ओळी वाढतात. मागच्या वेळी एक नवे केंद्र जोडायला एकोणीस दिवस लागले. शिवाय एक ओळ चुकली, आणि त्या केंद्राचे चालू शीतकपाट मुख्य कचेरीला दोन दिवस बंद दिसत राहिले. नव्या सहा केंद्रांत तर सहाही ठिकाणी पत्ते एकपासूनच सुरू होतात.

अध्यक्षांनी ३० मार्च ही तारीख दिली आहे. त्या दिवशी ते स्वतः चाचणी घेतील. ती फसली तर काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. त्यांची माणसे येऊन रंगीत सादरीकरण करूनही गेली. मग माझी रवानगी भांडारात होईल. त्याचे मला फारसे काही नाही. परंतु माझ्या हाताखालच्या दोघांना घरी बसावे लागेल. एक तारवाल्या बाई. बारा वर्षे या इमारतीतील प्रत्येक तार त्यांनीच ओढली आहे. दुसरा आमचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे शिडी म्हणतात, कारण छताखालच्या तारांसाठी त्याला शिडी लागत नाही. मागच्या महिन्यात त्याला जुळ्या मुली झाल्या.

तू दोनशे धान्यकोठारांच्या जाळ्याची आखणी करतेस. मला मुद्देसूद मार्गदर्शन हवे आहे. विनोद नकोत.

तुझा,
भावोजी


११ जानेवारी

ती. भावोजींना सा. न.

विनोद नकोत म्हणालात, पण पत्रातला तो तत्कालीन कर्मचारी वाचून मी खुर्चीतून पडायची राहिले. कोण हा महाभाग? सातशे चौदा ओळी! हाताने! आमच्या कचेरीत वाचून दाखवलं, तर एकाने विचारलं की हा माणूस घरातले चमचेसुद्धा विकत घेतल्याच्या तारखेप्रमाणे लावत असेल का. अजून कामावर असेल तर त्याला दुरूनच नमस्कार सांगा, आणि पुन्हा संगणकाजवळ फिरकू देऊ नका.

आता मुद्देसूद.

पत्त्यात चार आकडे असतात. पहिला सगळ्यांना दहा ठेवा. संस्थांच्या आतल्या जाळ्यांसाठी ती जागा मोकळीच ठेवलेली आहे, कुणाला विचारावं लागत नाही. दुसरा आकडा ठिकाण सांगेल, तिसरा काम सांगेल, चौथा त्या यंत्राचा स्वतःचा.

ताईकडून कळलं की तुमचे चार विभाग आहेत : मुख्य, नदीकाठ, डोंगर आणि बंदर. प्रत्येकाला दुसऱ्या आकड्याची सोळाची एक पट्टी द्या. मुख्य विभागाला शून्य ते पंधरा, नदीकाठाला सोळा ते एकतीस, डोंगराला बत्तीस ते सत्तेचाळीस, बंदराला अठ्ठेचाळीस ते त्रेसष्ट. पट्टीतही केंद्रं एकाआड एक बसवा, म्हणजे सोळा, अठरा, वीस. मधला आकडा केंद्र वाढलं तर त्याचाच. तिसरा आकडा सगळीकडे सारखा : दहा म्हणजे कर्मचाऱ्यांचे संगणक, वीस म्हणजे शीतकपाटं, तीस म्हणजे तपासणी यंत्रं. मग कुणी फोनवर “दहा, अठरा, वीस, सात” म्हणालं, की नोंदवही न उघडता कळेल : नदीकाठ, दुसरं केंद्र, सातवं शीतकपाट.

आणि खरी गंमत राउटरांची. नदीकाठाने बाकीच्यांना एकच सांगायचं, सोळा ते एकतीस सगळं माझ्याकडे पाठवा. संपलं. एक ओळ. चार विभाग, चार ओळी. त्याही हाताने लिहायच्या नाहीत. राउटर एकमेकांना स्वतःच हालहवाल कळवत राहतात. एक रस्ता तुटला की दुसऱ्याने जातात. फक्त दुसरा रस्ता असायला हवा. मुख्य ते नदीकाठ, नदीकाठ ते डोंगर, डोंगर ते बंदर, बंदर ते मुख्य, अशी गोल वाहिनी आहे का, ते बघा.

महाभागाला नमस्कार विसरू नका.

तुमची,
धाकटी


१६ जानेवारी

चि. धाकटीस,

पत्र पावले. सूचनांची नोंद घेतली आहे. त्या विचाराधीन आहेत.

तुझ्या योजनेप्रमाणे सुमारे एक कोटी सदुसष्ट लाख पत्त्यांच्या जागेत आपण जेमतेम हजार यंत्रे बसवणार आणि बाकीची जागा रिकामी सोडणार, असे दिसते. ही उधळपट्टी पटण्यासारखी नाही.

भावोजी


२ फेब्रुवारी

चि. धाकटे,

तू यांना काय लिहिलंस? पंधरा दिवस झाले, माणूस जेवताना बोलत नाही. मीठ वाढू का विचारलं तर म्हणतात, “विचाराधीन आहे.” काल कपाटातून एक जुनी जाड नोंदवही घरी आणली आणि एक-एक पान उलटत बसले. मी डोकावले, तर अक्षर यांचंच, टपोरं, एका रेषेत, कुठे खाडाखोड नाही. मी म्हटलं, “किती सुंदर अक्षर आहे हो!” तर वही मिटली आणि म्हणाले, “अक्षरच तेवढं.”

मला त्यातलं काही कळत नाही. पण तुझ्या पत्रानंतर हे सुरू झालं, एवढं कळतं. शिडीची बायको परवा दोन्ही पोरींना घेऊन आली होती. हे दारातून आत आले, पोरींकडे बघितलं आणि चपला न काढता परत कचेरीत गेले. रविवार होता.

तुझं तोंड सुटतं तेव्हा समोर कोण आहे ते तुला दिसत नाही. आता काय करायचं ते तूच कर.

ताई


६ फेब्रुवारी

ती. भावोजींना सा. न.

तो महाभाग तुम्हीच ना?

मी काय काय लिहिलं ते पुन्हा वाचलं. चमच्यांचं वाक्य वाचताना माझेच कान तापले. माफी मागते, आणि ती मागताना एकही विनोद करत नाही, यावरून समजा.

पण एक सांगते, ते समजूत काढायला नाही. माझ्या दोनशे कोठारांत मिळून साडेचार हजार यंत्रं आहेत. त्यांतली नेमकी कोणती कुठे आहेत ते मला विचारलंत, तर निम्म्यांचं उत्तर मला देता येणार नाही. कुणी बदललं, कुणी हलवलं, कुणी लिहिलंच नाही. गेल्या वर्षी पत्ते बदलताना पाच महिने गेले, आणि त्यातले चार नुसते यंत्रं शोधण्यात. तुमच्याकडे सातशे चौदा यंत्रांची वही आहे. कोणतं यंत्र, कोणत्या खोलीत, कोणत्या तारखेला बसवलं, एकही चूक नाही. भावोजी, अशी वही मी आजवर पाहिली नाही. तुमची पद्धत जाळ्याला चालत नाही, पण त्या वहीशिवाय तुमचं जाळं पन्नास दिवसांत बदलणं कुणालाच जमणार नाही. त्या रंगीत सादरीकरणवाल्यांना तर नाहीच. त्यांना विचारा, यंत्रं मोजायलाच किती दिवस घेणार.

तुम्ही एकही क्रमांक रिकामा का सोडत नाही? खरंच विचारते आहे.

धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तर्क बरोबर आहे. ‘तत्कालीन कर्मचारी’ म्हणजे मीच. वाक्य खोटे नव्हते. परंतु त्यामागे मी लपलो होतो, हे मान्य करतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तो आवक-जावक विभागात. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, एवढेच काम. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून ४१२ नंतर ४१४ पडला. आमचे मुख्य लिपिक अत्यंत शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, “चारशे तेरा कुठे आहे?” मी म्हणालो, तो नाहीच. ते म्हणाले, “नाही हे तुम्हाला माहीत आहे. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला काय माहीत? तो म्हणेल, कागद होता आणि कुणीतरी गायब केला.” तीन दिवस त्यांनी मला सगळी कपाटे उपसायला लावली, अस्तित्वात नसलेल्या कागदासाठी. तेव्हापासून रिकामा क्रमांक दिसला की मला तेथे चोरी झाल्यासारखे वाटते. तीस वर्षांची ही सवय आहे. जाळ्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा विभागात संगणक कुणालाच येत नव्हता आणि क्रमांक देणे मला येत होते. मी ते माझ्या परीने चोख केले. चोख केलेले काम चुकीचे असू शकते, हे पचायला पंधरा दिवस लागले.

तुझे पत्र मी तारवाल्या बाईंना आणि शिडीला वाचून दाखवले. चमच्यांचा मजकूरही वगळला नाही. शिडी हसू दाबण्यासाठी खिडकीकडे वळला. बाईंनी मात्र सरळ विचारले, “साहेब, म्हणजे बारा वर्षं मी सातशे ओळी टाइप करत होते, त्या चार ओळींत होणार होत्या?” मी म्हणालो, “होय.” त्या म्हणाल्या, “मग आता रडायचं की कामाला लागायचं, तेवढं सांगा.” आम्ही कामाला लागलो आहोत.

वाहिनीविषयी : डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये विलीन झालेल्या संस्थेची एक वाहिनी पडून आहे. म्हणजे वर्तुळ पूर्ण होते. नवे तक्ते आठवड्याभरात पाठवतो.

तुझा,
भावोजी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत पंधरा केंद्रांचे तक्ते जोडले आहेत. नव्या सहा केंद्रांतील दोनशे छत्तीस यंत्रे बाई आणि शिडी यांनी स्वतः जाऊन, प्रत्येकावर चिठ्ठी लावून नोंदवली. एकूण नऊशे पन्नास. प्रत्येक ओळ दोघांनी तपासली असून तिसऱ्यांदा मी तपासली आहे.

तुझ्या योजनेत मी एक किरकोळ काटकसर केली आहे. डोंगर विभागात दोनच केंद्रे आहेत. त्यांना सोळा आकडे देणे अवास्तव वाटल्याने बत्तीस आणि तेहतीस एवढेच दिले असून, चौतीसपासून पुढचे आकडे बंदर विभागाला दिले आहेत. बाकी सर्व तुझ्या सूचनेप्रमाणे.

तुझा,
भावोजी


२४ फेब्रुवारी

भावोजी!!

तुमचे तक्ते छापून माझ्या भिंतीवर लावलेत. आमचे साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, या माणसाला आपल्याकडे घेता येईल का. आणि पाचव्या पानावर तुमची ती किरकोळ काटकसर! मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

ऐका. राउटर काही वाटेल तिथे पट्टी कापत नाही. तो सोळाची घडी घालतो, ती सोळाच्याच पटीवर : शून्य, सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. बंदर चौतीसपासून सुरू केलंत की बंदराची पट्टी डोंगराच्या घडीत घुसली. मग “बत्तीस ते सत्तेचाळीस माझं” असं डोंगराला म्हणता येत नाही, आणि बंदराला एका ओळीत आपली हद्द सांगता येत नाही. पुन्हा एकेक तुकडा वेगळा सांगत बसा. चाराच्या दहा ओळी होतील, पुढच्या वर्षी चाळीस, आणि बाई निवृत्त व्हायच्या आत पुन्हा सातशे.

आणि डोंगरात तिसरं केंद्र आलं तर? त्याला कुठे बसवणार? बंदराच्या मांडीवर?

या पत्त्यांना भाडं लागत नाही, वीज लागत नाही, झाडलोट लागत नाही. त्यांची काटकसर करून तुम्ही वाचवणार काय? तुमचे मुख्य लिपिक बरोबरच होते. नुसता रिकामा क्रमांक वाईटच. मग तो नुसता ठेवू नका ना! वहीत त्या ओळीवर लिहा : राखीव, डोंगर विभाग, तिसरं केंद्र. तारीख घाला. सही करा. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळेल की ही जागा कुणीतरी विचार करून सोडली होती.

डोंगराला सगळे सोळा द्या. हात जोडते.

धाकटी


१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डोंगराला सोळाही दिले. तुझा ‘राखीव’ हा उपाय मला तत्काळ पटला. त्याच दिवशी मी रबरी शिक्का करून घेतला. तुझी ताई म्हणते की मी तो शिक्का खिशात घेऊन हिंडतो आणि एक दिवस तिच्याच कपाळावर मारीन. ही अतिशयोक्ती आहे. मी तो फक्त दोन वेळा घरी आणला.

आता एक घटना सांगतो; ती लिहिताना माझा हात थोडा घाईत आहे, तरी क्रमाने सांगतो.

दर रविवारी सकाळी, कामकाज कमी असताना, आम्ही केंद्रे नव्या पत्त्यांवर नेत आहोत. मुख्य, नदीकाठ आणि डोंगर झाले. बंदर उरले आहे. काल सकाळी साडेदहाला अध्यक्षांचा निरोप आला : डोंगर विभागातल्या एका रुग्णालयाने आपले रक्तसाठा केंद्र आपल्याकडे सोपवले आहे; ते जोडायला किती दिवस लागतील ते कळवा. निरोप आणणाऱ्या स्वीय सचिवाने वर आपले मतही जोडले, “मागच्या वेळी एकोणीस लागले होते, म्हणून साहेब म्हणाले, या वेळी पंचवीस सांगितले तरी चालतील.”

मी त्यांना बसायला सांगितले. डोंगराचा तक्ता उघडला. छत्तिसाच्या ओळीवर माझाच शिक्का होता : राखीव, तिसरे केंद्र. त्याखाली मी त्या दिवसाची तारीख घातली. शिडी राउटर घेऊन आधीच डोंगरातल्या दुसऱ्या केंद्रात होता. तो गाडी करून अर्ध्या तासात तिकडे पोहोचला. बाईंनी येथून आकडे वाचायला सुरुवात केली, “दहा, छत्तीस, वीस, एक. पहिलं शीतकपाट. लाव.” तिकडून आवाज, “लावलं.” “दहा, छत्तीस, वीस, दोन.” “लावलं.” मी फक्त टिकमार्क करत होतो. बाकी कोणत्याही केंद्रात कोणीही एक अक्षर बदलले नाही, कारण बदलायचे काही नव्हतेच; बत्तीस ते सत्तेचाळीस डोंगराकडे जाते, हे सगळ्या राउटरांना आधीच ठाऊक होते. सव्वाबाराला नव्या केंद्राच्या चार शीतकपाटांचे तापमान आमच्या पडद्यावर उमटले.

एक तास पंचेचाळीस मिनिटे. त्यात गाडीचा अर्धा तास आला.

सचिवांना मी म्हणालो, “अध्यक्षांना सांगा, जोडले.” ते म्हणाले, “म्हणजे किती दिवस सांगू?” बाईंनी वर न पाहताच उत्तर दिले, “सांगा, तुमचा चहा थंड व्हायच्या आत.” मी त्यांना तंबी द्यायला हवी होती. दिली नाही.

धाकटे, मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि रिकाम्या जागेने मला पहिल्यांदाच काहीतरी दिले आहे. तिसऱ्या केंद्राविषयी तुला कसे कळले?

तुझा,
भावोजी


१५ मार्च

ती. भावोजींना सा. न.

मला काहीही कळलं नव्हतं! केंद्रं वाढतातच, भावोजी. कुठे आणि केव्हा, ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर सगळीकडे जागा ठेवायची.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुझे भावोजी आनंदात असले की स्वल्पविराम कमी घालतात.”

एक धोक्याची गोष्ट. चाचणीच्या दिवशी ते कंपनीवाले हजर असतील, तर ते एकच खोडी काढतील : चालू तार उपटायला सांगतील. तुम्ही आधी स्वतः उपटून बघा. एकदा नाही, चारही बाजूंनी. आणि तार उपटली की लगेच घाबरू नका. राउटरांना शेजारी गप्प झाला हे कळायला काही सेकंद लागतात, मग ते दुसरा रस्ता धरतात. ते सेकंद तुम्हाला तासाएवढे वाटतील. तेवढा वेळ कुणाला काहीही बोलू देऊ नका, विशेषतः बाईंना.

निकाल त्याच दिवशी लिहून टाका. ताईकडून ऐकायचा नाही, तुमच्याकडूनच.

धाकटी


३० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल आधी, तपशील नंतर.

चाचणी यशस्वी झाली. सोळाही केंद्रे एकमेकांना दिसतात. विभाग कायम राहिला असून तारवाल्या बाई आणि शिडी यांच्या नेमणुका कायम करण्याच्या ठरावावर अध्यक्षांनी बैठकीतच सही केली. कंपनीचे सादरीकरण आभारासह परत गेले. राउटरांतील जुन्या सातशे चौदा ओळी बंदराचे शेवटचे केंद्र हलवल्यावर, बावीस तारखेलाच, बाईंनी स्वतःच्या हाताने पुसल्या. पुसण्याआधी त्यांनी मला विचारले, “साहेब, तुम्ही पुसता का?” मी म्हणालो, “टाइप तुम्ही केल्या, हक्क तुमचा.”

आता तपशील.

सकाळी अकरा वाजता सभागृहात अध्यक्ष, पाच सदस्य, कंपनीचे दोन प्रतिनिधी आणि आम्ही तिघे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सोळा केंद्रांच्या सोळा पट्ट्या, सगळ्या हिरव्या. शेजारच्या खोलीत राउटरचे कपाट. मधले दार उघडे. मी निवेदन वाचले. ते चार मिनिटांचे होते. अध्यक्षांनी तिसऱ्या मिनिटाला घड्याळ पाहिले.

तू म्हणाली होतीस तसेच झाले. कंपनीचा प्रतिनिधी, अत्यंत टापटीप माणूस, हसून म्हणाला, “सगळं जोडलेलं असताना हिरवं दिसणारच, सर. एखादी मुख्य वाहिनी गेली तर काय होतं, ते बघायला आवडेल.”

अध्यक्ष उठले. त्यांनी मला विचारले, “नदीकाठाची तार कोणती?” मी दाखवली, तिच्यावर चिठ्ठी होती. मला वाटले ते शिडीला उपटायला सांगतील. त्यांनी स्वतःच उपटली आणि ती हातात घेऊन दारात उभे राहिले.

नदीकाठाच्या पाचही पट्ट्या पिवळ्या झाल्या.

मी आधी चौदा वेळा हे करून पाहिले होते. कंपनीच्या माणसाने वहीत काहीतरी लिहायला घेतले. बाईंनी तोंड उघडले. मी हात वर केला. शिडी ओठ हलवत आकडे मोजत होता. पाच. सहा. सात. आठला पहिली पट्टी हिरवी झाली. मग पाठोपाठ बाकीच्या चार. अध्यक्षांनी विचारले, “हे कसे?” मी सांगितले की नदीकाठाचा सरळ रस्ता त्यांच्या हातात असल्याने नदीकाठ आता डोंगरावरून बंदराकडे आणि बंदरातून आपल्याकडे येत आहे. ते म्हणाले, “आणि हे त्यांना कोणी सांगितले?” मी म्हणालो, “कोणीही नाही. ते आपसात ठरवतात.” सदस्यांपैकी एक जण हळूच म्हणाले, “आपल्यालाही जमायला हवं.”

कंपनीच्या माणसाने पेन बंद केले नाही. तो म्हणाला, “पट्टी हिरवी होणं वेगळं, काम होणं वेगळं.” निवेदनात तो मुद्दा नव्हता.

उत्तर बाहेरून आले. सभागृहातला फोन वाजला, तो नदीकाठाच्या दुसऱ्या केंद्रातून; मी तो स्पीकरवर घेतला. तेथील तंत्रज्ञ बाईंना चाचणी चालू असल्याचे ठाऊक नव्हते. रुग्णालयात एका बाळंतिणीची अवस्था बिकट आहे, एबी निगेटिव्ह गटाच्या चार पिशव्या हव्यात, आपल्याकडे एकच आहे. मागणी पाठवली आहे, ती मिळाली का, एवढेच त्या विचारत होत्या. मी पडद्याकडे पाहिले. मागणी आलेली होती. तिच्याखाली उत्तरही होते : नदीकाठ, चौथे केंद्र, सहा पिशव्या, अंतर अठरा किलोमीटर. पूर्वी आम्ही याच माहितीसाठी एकेका केंद्राला फोन करत असू. मी म्हणालो, “चौथ्या केंद्रात सहा आहेत, गाडी मागवा.” पलीकडून उत्तर आले, “ती केव्हाच निघाली, साहेब. आम्हाला दिसल्या पिशव्या. मी फक्त नोंद झाली का ते विचारत होते.” सभागृहात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बारा वाजून दहा मिनिटांनी पिशव्या पोहोचल्या. तीन वाजता कळले की आई आणि बाळ दोघेही ठीक आहेत.

कंपनीच्या माणसाने पेन बंद केले, तो उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “पत्त्यांची आखणी कोणी केली?” मी खरे ते सांगितले : आखणी माझ्या मेहुणीची, यंत्रांची मोजदाद या दोघांची, आणि त्याआधीची मोठी चूक माझी. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, “आम्ही मोजदादीलाच चार महिने धरले होते.”

मग टाळ्या झाल्या, पेढीच्या सभागृहात मी त्या पूर्वी ऐकल्या नव्हत्या. ठराव आला, सही झाली. शिडीने घरी फोन लावला आणि तो नुसता हसत राहिला. चहा आला. सगळे बोलू लागले. आणि या सगळ्या वेळात, फोन आला तेव्हा, पिशव्या सापडल्या तेव्हा, गाडी निघाली तेव्हा, सही झाली तेव्हासुद्धा, नदीकाठाची तार अध्यक्षांच्या डाव्या हातातच होती. उजव्या हाताने त्यांनी कप उचलला, तेव्हा ती त्यांच्या ध्यानात आली. तिच्याकडे पाहून ते थोडे गोंधळले आणि म्हणाले, “अरे, ही जोडायची राहिलीच. कुठे लावू?”

तारवाल्या बाई म्हणाल्या, “चहा घ्या निवांत, साहेब. आमचं चाललंय.”

तुझा,
(सही)
भावोजी
प्रमुख, प्रशासन व दळणवळण विभाग
मुख्य कचेरी, दुसरा मजला
३० मार्च, सायंकाळी पाच वाजता